‘आधी आम्ही नाही’ म्हणणाऱ्या अण्वस्त्र धोरणातला ‘पण’: रोगजंतूंच्या हल्ल्याला अणुबॉम्बने उत्तर देता येईल का?

भारत अणुबॉम्ब आधी वापरणार नाही, हे आपण शाळेपासून ऐकत आलोय. एमपीएससीच्या गाईडमध्ये ते एका ओळीत असतं आणि त्या एका ओळीवर मार्कही मिळतात. पण हे धोरण ज्या सरकारी निवेदनात लिहिलंय, त्यातच थोडं खाली एक ‘पण’ आहे. गाईडमध्ये तो सहसा नसतो.

४ जानेवारी २००३ रोजी पंतप्रधान अटलबिहारी वाजपेयी यांच्या अध्यक्षतेखालच्या मंत्रिमंडळाच्या सुरक्षाविषयक समितीने अण्वस्त्र धोरणाचा आढावा घेतला आणि एक छोटं निवेदन काढलं. भारताचं अधिकृत अण्वस्त्र धोरण म्हणून आजही तेच दाखवलं जातं. भारतावर किंवा भारतीय सैन्यावर कुठेही अणुहल्ला झाला तरच आपण अण्वस्त्र वापरू, आणि तेव्हा उत्तर प्रचंड असेल, असं ते सांगतं. ज्या देशांकडे अण्वस्त्रं नाहीत, त्यांच्यावर ती वापरणार नाही, हेही त्यात आहे. त्यानंतर येतो तो ‘पण’: भारतावर किंवा भारतीय सैन्यावर जैविक किंवा रासायनिक अस्त्रांनी मोठा हल्ला झाला, तर अण्वस्त्रांनी उत्तर देण्याचा पर्याय भारत राखून ठेवेल.

म्हणजे समोरच्याने अणुबॉम्ब टाकलेला नसतानाही आपण टाकू शकतो. ‘आधी आम्ही नाही’ या शब्दाला इथे दार ठेवलंय.

भाषाही बघण्यासारखी आहे. अणुहल्ल्याला उत्तर ‘दिलं जाईल’, तिथे शंका नाही. जैविक-रासायनिक हल्ल्याबाबत मात्र ‘पर्याय राखून ठेवू’. हल्ला ‘मोठा’ असायला हवा, पण मोठा म्हणजे किती, ते लिहिलेलं नाही. शंभर माणसं? दहा हजार? की सीमेवरची एक बटालियन? हे मुद्दामच धूसर ठेवलंय. शत्रूने अंदाज बांधत बसावं, हा त्यामागचा हेतू.

आमचं म्हणणं असं की हे वाक्य धोरणातून काढून टाकावं. ज्यांना धाक दाखवायचा, त्यांच्यावर त्याचा फारसा परिणाम होत नाही. आणि जैविक हल्ल्याची मुळातली अडचण, म्हणजे हल्ला झाला की नाही आणि कुणी केला हे ओळखणं, त्याला हे वाक्य हातही लावत नाही.

१९९९ च्या मसुद्यात हे नव्हतं

पोखरणच्या दुसऱ्या चाचण्या मे १९९८ मधल्या. त्यानंतर के. सुब्रह्मण्यम यांच्या नेतृत्वाखालच्या राष्ट्रीय सुरक्षा सल्लागार मंडळाने धोरणाचा मसुदा तयार केला आणि १७ ऑगस्ट १९९९ रोजी तो जाहीर झाला. त्यात अणुहल्ल्याला अण्वस्त्रांनी उत्तर होतं. जैविक-रासायनिक हल्ल्याचा अपवाद नव्हता. तो साडेतीन वर्षांनी आला.

या साडेतीन वर्षांत बरंच घडलं होतं. सप्टेंबर २००१ मध्ये न्यूयॉर्कचे टॉवर पडले. लगेच अमेरिकेत ॲन्थ्रॅक्सची पाकिटं टपालातून फिरली आणि पाच माणसं मेली. डिसेंबरमध्ये आपल्या संसदेवर हल्ला झाला आणि ‘ऑपरेशन पराक्रम’मध्ये सैन्य दहा महिने सीमेवर उभं राहिलं. डिसेंबर २००२ मध्ये अमेरिकेने आपलं नवं धोरण जाहीर केलं: अशा अस्त्रांचा हल्ला झाला तर आमच्याकडचे सगळे पर्याय खुले आहेत. आपलं निवेदन त्यानंतर महिनाभरात आलं. हवा कुठून वाहत होती, ते दिसतं.

अपवादाच्या बाजूने एक मुद्दा मात्र खरा दमदार आहे. भारताने रासायनिक अस्त्रबंदी करारावर सही केली, १९९६ मध्ये त्याला मान्यता दिली आणि १९९७ मध्ये करार लागू झाल्यावर आपल्याकडे सुमारे १,०४४ टन सल्फर मस्टर्ड असल्याचं कळवलं. (याआधी ऑगस्ट १९९२ मध्ये भारत-पाकिस्तानने मिळून रासायनिक अस्त्रं बनवणार नाही, बाळगणार नाही असं जाहीर केलं होतं. १९९७ मध्ये आपला साठा बाहेर आला तेव्हा इस्लामाबादमध्ये काय वाटलं असेल, याची कल्पना करता येते.) तो सगळा साठा आपण २००९ पर्यंत आंतरराष्ट्रीय निरीक्षकांसमोर नष्ट केला. जैविक अस्त्रबंदी करारात आपण १९७४ पासून आहोत. म्हणजे कुणी आपल्यावर विषारी वायू सोडला, तर तसाच वायू परत सोडायचा मार्ग आपण स्वतःहून बंद केला, आणि ते योग्यच केलं. मग हातात उरतं काय? साधं सैन्य आणि अणुबॉम्ब. धोरण लिहिणाऱ्यांनी दुसरा पर्यायही टेबलावर ठेवला.

कागदावर हे पटतं. पण हा हल्ला करणार कोण, हे विचारलं की गाडी अडते.

धाक नेमका कुणाला?

पाकिस्तान आणि चीन हे दोघेही रासायनिक आणि जैविक अशा दोन्ही करारांचे सदस्य आहेत. तरी समजा, पाकिस्तानने वाळवंटात आपल्या एका ब्रिगेडवर रासायनिक गोळे टाकले. आपण अणुबॉम्ब टाकायचा? पाकिस्तानकडे अण्वस्त्रं आहेत आणि ‘आधी वापरणार नाही’ असं त्याने कधीच म्हटलेलं नाही. आपल्या पहिल्या बॉम्बनंतर त्याचा बॉम्ब येणार, हे दिल्लीला ठाऊक आहे आणि दिल्लीला ते ठाऊक आहे हे रावळपिंडीलाही ठाऊक आहे. एका ब्रिगेडसाठी शहरं पणाला लावली जातील, यावर रावळपिंडी विश्वास ठेवेल असं वाटत नाही. आणि ज्यावर विश्वास बसत नाही, त्याचा वचकही बसत नाही.

ज्या देशांकडे अण्वस्त्रं नाहीत, त्यांच्यापैकी भारतावर मोठा जैविक हल्ला करण्याच्या बेतात असलेला देश नकाशावर शोधून सापडत नाही.

उरतात दहशतवादी. जपानमध्ये ओम शिनरिक्यो या पंथाने २० मार्च १९९५ रोजी टोकियोच्या भुयारी रेल्वेत सरीन वायू सोडला. तेरा माणसं गेली, हजारो जण दवाखान्यात पोहोचले. सरीन बनवणारे त्याच देशाचे नागरिक होते, त्यांचा कारखाना जपानमध्येच होता. अमेरिकेतल्या ॲन्थ्रॅक्सच्या पाकिटांचा माग काढायला एफबीआयला जवळपास सात वर्षं लागली आणि २००८ मध्ये तिने ज्याचं नाव घेतलं, तो अमेरिकी लष्कराच्याच प्रयोगशाळेतला शास्त्रज्ञ होता. खटला चालण्याआधीच त्याने आत्महत्या केली. या दोन्ही प्रकरणांत अणुबॉम्ब कुठे टाकला असता?

२६/११ ला तर कसाब जिवंत हातात होता, माग कराचीपर्यंत जात होता. तरीही तेव्हाच्या सरकारने लष्करी कारवाई केली नाही. मे २०२५ मध्ये पहलगामनंतर कारवाई झाली, तीही क्षेपणास्त्रं आणि विमानांनी. गेल्या वीस वर्षांत भारताने प्रत्यक्षात वापरलेली उत्तरं ही अशी आहेत आणि समोरचा त्यांचाच हिशेब मांडत असतो.

सप्टेंबर १९९४, सुरत

जैविक हल्ल्याबाबतची सगळ्यात मोठी अडचण समजून घ्यायला परदेशात जायची गरज नाही. अमळनेर स्टेशनवर उभं राहिलं तरी चालेल. इथून जाणारी लाइन धरणगाव, जळगावकडे जाते आणि दुसऱ्या बाजूला नरडाणा, दोंडाईचा, नंदुरबार करत सुरतेला. खानदेशातली हजारो कुटुंबं कामासाठी त्याच लाइनने सुरतेला गेली आणि तिथेच राहिली. अमळनेर तालुक्यात कुणाचा भाऊ, कुणाचा मामा उधना-लिंबायतला नाही, असं गाव सापडणं अवघड.

सप्टेंबर १९९४ मध्ये सुरतेत फुप्फुसाच्या प्लेगची बातमी फुटली. माझा तेव्हा जन्मही झालेला नव्हता, पण तो काळ पाहिलेली माणसं घरोघरी आहेत. काही दिवसांत लाखो लोकांनी शहर सोडलं, मिळेल त्या गाडीने, मिळेल त्या दिशेने. अनेक खासगी डॉक्टरही निघून गेले. टेट्रासायक्लिनच्या गोळ्या मेडिकलमधून गायब झाल्या. आखाती देशांनी विमानं बंद केली, निर्यात अडकली. शेवटी देशभरात मृत्यू झाले पन्नासच्या आसपास. पण हा हिशेब नंतरचा. त्या आठवड्यात कुणालाच काही माहीत नव्हतं.

त्याआधी ऑगस्टमध्ये बीड जिल्ह्यातल्या मामला गावात गाठीचा प्लेग आढळला होता. वर्षभरापूर्वीच किल्लारीचा भूकंप झालेला. भूकंपाच्या भीतीने लोक घराबाहेर राहू लागले, घरात साठवलेल्या धान्यावर उंदीर वाढले आणि उंदरांवरच्या पिसवांमधून रोग आला, असं एक स्पष्टीकरण दिलं गेलं. मग बीडचा प्लेग सुरतेला कसा पोहोचला? पोहोचला तरी का? की हे दोन वेगळे उद्रेक? सुरतेतला रोग प्लेगच आहे का, यावरही डॉक्टरांमध्ये वाद झाला. केंद्राने प्रा. व्ही. रामलिंगस्वामी यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. आणि याच काळात दुसरी कुजबुज सुरू झाली: जंतू कुणी मुद्दाम आणून सोडले तर नाहीत ना? अशा शंका छापूनही आल्या.

पुढे ही नैसर्गिक साथ होती, हेच स्पष्टीकरण टिकलं. मात्र जंतू प्लेगचाच होता याचा भारतीय शास्त्रज्ञांनी केलेला जनुकीय अभ्यास प्रसिद्ध व्हायला २००० साल उजाडलं.

आता हेच सुरत आजच्या काळात ठेवून बघा. प्रत्येकाच्या हातात मोबाइल, गावच्या ग्रुपवर ‘शत्रूने जंतू सोडले’चे फॉरवर्ड, टीव्हीवर रात्री नऊला ‘बदला कधी?’ची पट्टी. आणि सरकारच्या अधिकृत धोरणात एक वाक्य, की जैविक हल्ल्याला अण्वस्त्राने उत्तर देऊ शकतो. त्या आठवड्यात पंतप्रधान कार्यालयात बसलेल्या माणसाला हे वाक्य मदत करेल की त्याच्या गळ्यात अडकेल?

स्टॅनफर्ड विद्यापीठातले अभ्यासक स्कॉट सॅगन यांनी २००० साली अमेरिकेबद्दल नेमका हा धोका मांडला होता. धमकी द्यायची, ती पाळायचा विचार नसतो; पण हल्ला झालाच, तर ‘बोललात मग करा’ हा दबाव येतो आणि जे करायचं नव्हतं तेच करावं लागतं. धमकी देणाराच सापळ्यात.

शेतातल्या मोटारीच्या ऑटो स्विचचं उदाहरण घेऊ. लाइट आली की मोटार आपोआप सुरू होते, रात्री दोन वाजता शेतात जावं लागत नाही. पण विहिरीत पाणी आहे की नाही, हे त्या स्विचला कळत नाही. पाणी आटलेलं असेल तर मोटार कोरडी फिरते आणि जळते. जे यंत्र परत फिरवता येत नाही, त्याला अर्धवट माहितीचा सेन्सर जोडू नये, हे इंजिनीअरिंग न शिकलेला शेतकरीही जाणतो. अर्थात अण्वस्त्राचं बटण काही आपोआप दाबलं जाणार नाही. तो अधिकार पंतप्रधानांच्या अध्यक्षतेखालच्या राजकीय परिषदेकडेच आहे, हेही २००३ च्या निवेदनात लिहिलंय. पण माहिती अर्धवट असणार, ही गोष्ट त्याने बदलत नाही.

अणुहल्ल्याचं तसं नसतं. क्षेपणास्त्र कुठून उडालं ते दिसतं, स्फोट नाकारता येत नाही. रोगजंतूंना मात्र ताप यायलाच काही दिवस लागतात आणि तोवर सोडणारा निघून गेलेला असतो. सोव्हिएत रशियातल्या स्वेर्दलोव्स्क शहरात १९७९ मध्ये लष्करी प्रयोगशाळेतून ॲन्थ्रॅक्स निसटला, साठहून जास्त माणसं मेली. सरकार म्हणालं, लोकांनी खराब मटण खाल्लं. खरं काय ते येल्त्सिन यांनी १९९२ मध्ये कबूल केलं, तेरा वर्षांनी. आणि कोविड कुठून आला, यावर जगातल्या गुप्तचर संस्थांचं अजूनही एकमत नाही.

रासायनिक हल्ला त्या मानाने लवकर ओळखता येतो. २१ ऑगस्ट २०१३ रोजी सीरियात घुता इथे सरीन वापरल्याचं संयुक्त राष्ट्रांच्या निरीक्षकांनी चार आठवड्यांच्या आत सांगितलं. कुणी वापरलं, हे सांगायचा अधिकारच त्यांना दिलेला नव्हता.

‘पण १९९१ मध्ये धमकी चालली की’

अपवादाचे समर्थक हमखास आखाती युद्धाचं उदाहरण देतात. ९ जानेवारी १९९१ रोजी जिनिव्हात अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री जेम्स बेकर यांनी इराकच्या तारिक अझीझ यांच्यापुढे राष्ट्राध्यक्ष बुश यांचं पत्र ठेवलं. रासायनिक किंवा जैविक अस्त्रं वापरलीत, कुवेतच्या तेलविहिरी उद्ध्वस्त केल्यात, तर जबर किंमत मोजावी लागेल, असा त्यातला इशारा. ‘अण्वस्त्र’ हा शब्द नव्हता, पण अर्थ कुणी काय घ्यायचा तो घेतला. इराणविरुद्ध आणि हलब्जात स्वतःच्याच कुर्द नागरिकांवर विषारी वायू सोडणाऱ्या सद्दामने या युद्धात तो वापरला नाही. म्हणून, धमकी चालली.

पण त्याच पत्रातली तेलविहिरींची अट त्याने धाब्यावर बसवली. सहाशेहून जास्त विहिरी पेटल्या, कुवेतचं आकाश कित्येक महिने काळं होतं. एकाच पत्रातल्या दोन धमक्या, एक पाळली, दुसरी नाही. मग पहिली पाळली ती पत्रामुळेच, हे ठामपणे कसं म्हणणार? शिवाय बेकर आणि बुश या दोघांनीही नंतर आपापल्या पुस्तकांत लिहिलंय की अण्वस्त्र वापरायचं नाही, हे त्यांनी आधीच ठरवलं होतं.

खुद्द अमेरिकेने २०१० मध्ये आपलं धोरण बदललं. अण्वस्त्र प्रसारबंदी करार पाळणाऱ्या बिगर-अण्वस्त्र देशांनी रासायनिक किंवा जैविक हल्ला केला तरी उत्तर साध्या सैन्याने, पण विध्वंसक देऊ, असं ओबामा प्रशासनाने जाहीर केलं. जैविक अस्त्रांची ताकद पुढे वाढली तर फेरविचाराची सोय मात्र राखली. तरीही, ज्यांच्या वाऱ्याने आपलं वाक्य आलं, ते सात वर्षांत मागे सरकले. आपण आहोत तिथेच आहोत.

नुकसान काय होतं?

ठेवलं वाक्य तर बिघडतं कुठे, असं कुणी विचारेल. धोरण म्हणजे दाखवायचे दात, असंही.

बिघडतं ते असं. ‘आधी वापरणार नाही’ हा शब्द भारताची आंतरराष्ट्रीय पत आहे. सगळ्या अण्वस्त्र देशांनी तो द्यावा, असं आपण संयुक्त राष्ट्रांत सांगत आलोय. चीनने ऑक्टोबर १९६४ च्या पहिल्या चाचणीच्या दिवशीच हा शब्द दिला, निदान कागदावर तरी कुठलीही अट न घालता. आपल्या शब्दाला अट आहे. आणि एकदा एक अट चालते म्हटलं की दुसरीही सुचते. नोव्हेंबर २०१६ मध्ये तेव्हाचे संरक्षणमंत्री मनोहर पर्रीकर यांनी एका पुस्तक प्रकाशनात विचारलं होतं, आपण स्वतःला का बांधून घ्यायचं? ते त्यांचं वैयक्तिक मत असल्याचा खुलासा मंत्रालयाने केला. गोव्याचा हा आयआयटीयन मंत्री मोकळं बोलायचा आणि प्रश्न विचारण्यात गैर काहीच नाही. ऑगस्ट २०१९ मध्ये राजनाथ सिंह यांनी पोखरणमध्येच म्हटलं की धोरण आजपर्यंत तेच आहे, पुढे काय ते परिस्थिती ठरवेल. शब्द असा थोडा थोडा सैल होत जातो आणि शेजारी प्रत्येक सैलपणाची नोंद करतो.

दुसरं नुकसान घरातलं. मोठं शस्त्र कागदावर आहे म्हटलं की छोट्या तयारीकडे लक्ष जात नाही. ७ मे २०२५ च्या नागरी संरक्षण मॉक ड्रिलच्या यादीत आपल्या जिल्ह्यातलं भुसावळ होतं. साहजिक आहे, रेल्वे जंक्शन आहे, भुसावळ आणि वरणगावला आयुध निर्माणी आहेत. ब्लॅकआउट आणि भोंगे वाजवण्याची तयारी हवीच. पण जैविक हल्ल्यात भोंगा वाजत नाही. तिथे पहिली बातमी एखाद्या तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयात, ओपीडीच्या रांगेत येते: एकाच वस्तीतली सहा माणसं, सारखाच ताप. ते वेगळं आहे हे ओळखणारा डॉक्टर हवा, नमुना त्याच दिवशी निघायला हवा आणि धुळे-जळगावच्या वैद्यकीय महाविद्यालयातून गरज पडली तर पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेपर्यंत तो काही तासांत पोहोचायला हवा. उत्तर परत तालुक्याला यायला हवं. साथ नैसर्गिक असो वा कुणी सोडलेली, हे सगळं दोन्हीकडे लागतंच. आणि हल्लाच असेल, तर कुणी केला याचा पहिला पुरावा त्याच नमुन्यात असतो.

भोपाळ आठवा. डिसेंबर १९८४ च्या त्या रात्री तो युद्धातला हल्ला नव्हता, कारखान्यातली गळती होती. तरी वायू कोणता आणि त्यावर इलाज काय, हे डॉक्टरांपर्यंत धड पोहोचलं नाही. माहितीअभावी माणसं गेली.

जैविक-रासायनिक हल्ला करणाऱ्याला शिक्षा होऊ नये, असं इथे कुणी म्हणत नाही. पुरावा मिळवू, जबाबदार सरकार असो की टोळी, साध्या सैन्याने त्यांचं कंबरडं मोडू, आणि वेळ व पद्धत आम्ही ठरवू, असं धोरणात लिहिता येतं. त्यावर समोरचा विश्वास ठेवेल, कारण भारत ते करतो हे त्याने पाहिलंय.

२००३ चं निवेदन हा कायदा नाही. ते बदलायला संसदेत विधेयक लागत नाही, मतदान लागत नाही. मंत्रिमंडळाच्या सुरक्षाविषयक समितीची एक बैठक आणि संध्याकाळी एक प्रेस नोट पुरते. हे वाक्य आलं तेही तसंच.